चार माणसांची गाडी

काकांच्या गाडीत बसायला निमंत्रण नसायचं, नेमणूक असायची.

ते कर्वेनगरला आमच्या सोसायटीत, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे नागपूरकडचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेली, की समोरच्याचा पाणउतारा करताना आवाज चढवायची गरज त्यांना उरली नव्हती. आता ते मांजरीला मुलाच्या नव्या घरी राहायला गेलेत, आणि आमचे रविवार आम्हाला परत मिळालेत. त्या रविवारांचं करायचं काय, हे मात्र मला आणि बायकोला अजून नीटसं उमगलेलं नाही. आम्ही मॉलमध्ये जातो आणि काही न घेता परत येतो.

आम्ही सोसायटीत नवीन होतो तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात काका. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पेन असतं तिथे खिशाला टेस्टर.

"तुमचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

नमस्कार नाही, ओळख नाही. मी गडबडून सांगून टाकलं. खरं सांगितलं नाही, पण सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मनातल्या मनात योग्य ती वाढ केली.

"चालेल. तुम्ही पुढे डावीकडे. वहिनी मागे. आवरून खाली या. मांजरीला जायचंय."

"मांजरीला काय आहे?"

"जेवण," काका म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

मांजरीला त्यांच्या सौभाग्यवतींची, म्हणजे काकूंची, धाकटी बहीण राहायची. दर रविवारी दोघं तिच्याकडे जेवायला जात. मांजरीत आमचं कोणी नव्हतं, काही नव्हतं. तरीही पुढची कित्येक वर्षं आम्ही नवरा-बायको जवळजवळ दर रविवारी मांजरीला गेलो. लोकांना वाटायचं आम्ही तिकडे प्लॉट घेतलाय.

गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिची पुढची बाजू कुठली ते कळलं, यातच मी समाधान मानलं. मुळात ती गोल पाठीची, एकेकाळी टॅक्सी म्हणून सगळीकडे दिसायची तसली जुनी गाडी. मूळ इंजिन केव्हाच गेलेलं. त्या जागी जीपचं डिझेल इंजिन. काका सरकारी माणूस असल्यामुळे त्याची गाडीच्या पुस्तकात रीतसर नोंद, शिक्क्यासकट. पुढच्या सीट्स मोडीत निघालेल्या एका लक्झरी बसच्या, मागे रेलणाऱ्या. आणि डॅशबोर्डवर, जिथे इतर गाड्यांना काटे आणि घड्याळं असतात, तिथे घरात असतो तसला विजेचा लाकडी बोर्ड आणि त्यावर ओळीने काळी बटणं. एक दिव्यांचं, एक हॉर्नचं, एक छोट्या पंख्याचं. एक बटण कशाचं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. ते दाबायचं नाही एवढंच ठरलेलं होतं. बोर्डाच्या वर बुद्धाची लहानशी मूर्ती. त्या अख्ख्या गाडीत शांत चेहरा तेवढा एकच.

"बसा," काका मला म्हणाले. मी बसलो. त्यांनी बाहेरून दार लावलं, कारण ते आतून लागत नसे, आणि उघडतही नसे. मग स्टिअरिंगवर बसून, त्रिकोणी काचेच्या फटीतून आत आलेली एक नायलॉनची दोरी त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे काय?"

"वायपर."

त्या वायपरची हकीकत अशी. तो जायचा, पण यायचा नाही. मोटर त्याला काचेच्या एका टोकापर्यंत नेऊन सोडायची आणि तिथे तिची जबाबदारी संपायची. परत आणायचं काम पुढे डावीकडे बसलेल्या माणसाचं. तो गेला की ओढायचा. तो गेला की ओढायचा. मी विमा कंपनीत नोकरी करतो, माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण माझ्यावाचून एखादी गोष्ट अडते असा अनुभव मला आयुष्यात त्या दोरीनेच दिला.

"पण काका, आज पाऊस नाहीये."

"म्हणून आज शिकवतोय. पावसात शिकवू?"

मागच्या डाव्या दारावर माझ्या बायकोची नेमणूक झाली. ते दार एरवी गुणी होतं. फक्त गाडी उजवीकडे वळली की उघडायचं. त्यामुळे वळण आलं की काका समोर बघतच पुकारायचे, "उजवं वळण, वहिनी!" आणि बायकोने दाराचा दांडा दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरायचा. कर्वेनगर ते मांजरी हा रस्ता उजव्या वळणांनी किती भरलेला आहे, हे तुम्हाला बसने जाऊन कळणार नाही.

तिच्या शेजारी काकू. त्यांच्याकडे इंडिकेटर. दिवा लुकलुकवणारी डबी जळाल्यापासून काकांनी एक लांब वायर मागच्या सीटपर्यंत नेली होती आणि तिच्या टोकाला, दवाखान्यात नर्सला बोलवायला उशाशी लोंबकळतं तसलं बटण लावलं होतं. वळायच्या आधी काकूंनी ते टकटक दाबत राहायचं. दाबलं की दिवा लागायचा, सोडलं की जायचा. आता काकू स्वभावाने बोलक्या. बोलणं संथ असलं की इंडिकेटर संथ. जावेचा विषय निघाला की आमच्या मागच्या गाड्या घाबरून अंतर ठेवायच्या. आणि एखादी गोष्ट ऐन रंगात आली की त्या बटण तसंच दाबून धरायच्या, आणि आम्ही स्वारगेटच्या चौकात एक डोळा वटारून उभे.

"अगं, दिवा!" काका म्हणायचे.

"थांबा ना बाप्पा, तिचं लग्न तर होऊ द्या!" काकू म्हणायच्या.

अशी ती गाडी चालवायला चार माणसं लागायची. काका त्यांच्यातले एक होते, एवढंच.

बसच्या सीटबद्दल सांगायचं राहिलं. तिची कळ केव्हा सुटेल याचा नेम नव्हता. एकदा कर्वे रोडच्या सिग्नलला मी सरळ बसलो होतो, आणि पुढच्या क्षणी आडवा होऊन छताकडे पाहत होतो. डोकं थेट बायकोच्या मांडीवर. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, भर सकाळी, शेजारी स्कूटरवर एक अख्खं कुटुंब बघत असताना. मी उठायची धडपड करायला लागलो तर काका म्हणाले, "दोरी सोडू नका."

"काका, ही सीट दुरुस्त करून घ्या हो."

"का? तुम्हाला दुखलं?"

"नाही, पण—"

"वहिनींना दुखलं?"

बायकोने माझं डोकं मांडीवरून ढकललं. ती त्या गाडीची सर्वांत मोठी शत्रू होती. दर शनिवारी रात्री ती मला निक्षून सांगायची की उद्या मी येणार नाही, माझे खांदे गेले त्या दारापायी, मी काय कंडक्टर आहे का? आणि दर रविवारी सकाळी साडी न नेसता सलवार-कमीज घालायची, कारण साडीत दार नीट धरता येत नसे.

कोणी काकांना काही करत नसल्याचा दोष देईल तर तो अन्याय ठरेल. त्यांचा गाडीखालचा वेळ हा गाडीतल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त होता. संध्याकाळी पार्किंगमध्ये फरशीवर पोतं अंथरून ते गाडीखाली शिरत. बाहेर फक्त पाय दिसायचे, आणि त्या पायांना शेजारीपाजारी नमस्कार करून जात. तिथेही माझी नेमणूक होतीच. बॅटरी धरायची.

बॅटरी धरणे यात न जमण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं.

"तुम्ही मला दाखवताय की स्वतः बघताय?" गाडीखालून आवाज यायचा.

मी झोत सरकवायचो.

"आता माझ्या डोळ्यात आहे. नट माझ्या डोळ्यात नाहीये."

मी पुन्हा सरकवायचो.

"हां. आता तिथेच ठेवा. छान. आता तो पाना द्या."

पाना द्यायला मी वळलो की झोतही माझ्याबरोबर वळायचा. मग खालून थोडा वेळ काहीच आवाज यायचा नाही. ती शांतता कुठल्याही शिवीपेक्षा वाईट असायची. शेवटी काका अतिशय सभ्यपणे विचारायचे, "आपण ऑफिसात नक्की काय काम करता?"

त्यांची दुरुस्तीची एक रीत होती आणि ती मला फार उशिरा कळली. एखादी गोष्ट बिघडली की ते ती खोलून, पुसून, समजून घेऊन पुन्हा जशीच्या तशी बसवत आणि तिच्यासाठी एका माणसाची सोय करत. "दोष काढून टाकायचा नसतो," ते म्हणायचे. "तो कोणालातरी सांगून ठेवायचा असतो." मी एकदा म्हटलं, की काका, हे तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजसारखं करताय, प्रत्येक वायरच्या टोकाला एक माणूस बसवलाय. ते पाना पुसता पुसता थांबले. माझ्या तोंडून चुकून एखादी शहाणपणाची गोष्ट गेली की ते असेच थांबायचे.

"मग तेव्हा काय वाईट चाललं होतं?" ते म्हणाले.

माझ्या गाडीविषयी त्यांना मनापासून वाईट वाटायचं. माझी पांढरी, नवी, वॉरंटीतली. काच आपोआप खाली, दार आपोआप बंद, पाऊस पडला की वायपर स्वतःच ओळखून सुरू. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना फिरवून आणलं. ते हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे बसले होते. परत आल्यावर म्हणाले, "चांगली आहे. पण आत बसून करायचं काय?"

सुटे भाग आणायला ते शनिवार पेठेतल्या एका बोळकांडीवजा हार्डवेअरच्या दुकानात जात. दुकानदार त्यांच्याच वयाचा आणि त्यांच्याच वळणाचा. एकदा मी बरोबर होतो. काकांनी खिशातून एक झिजलेली रबरी चकती काढून काउंटरवर ठेवली. दुकानदाराने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कशाला पाहिजे?"

"गाडीला."

"ही संडासाच्या टाकीतली आहे."

"ते गाडीला माहीत नाहीये."

दुकानदाराने मुकाट्याने आत जाऊन दोन चकत्या आणल्या. "एक जास्तीची ठेवा," तो म्हणाला. "कळलं तर चिडेल."

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. इतक्या जुन्या गाडीला ती वाढवून घ्यायची म्हणजे परिवहन कार्यालयाच्या मैदानावर नेऊन साहेबांना दाखवायची, चालवायची, आणि साहेब हो म्हणाले तर पुढची पाच वर्षं. नाही म्हणाले तर भंगार. यात काकूंनी स्वतःची एक अट घातली.

"हे बघा," त्या आमच्यासमोरच काकांना म्हणाल्या, "पास झाली तर ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलवायचं. माझ्याच्यानं आता बटण दाबणं होत नाही. अंगठा दुखते माझा." काकू चिडल्या की त्यांच्या बोलण्यात नागपूर परत यायचं.

 त्या संध्याकाळी काका गाडीखाली गेले नाहीत. पार्किंगमध्ये बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे होते. बाकी सगळी सोसायटी त्या गाडीला हसायची, पण त्या संध्याकाळी वॉचमननेही लांबूनच दिवा लावला.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. ही तालीम मी जन्मात विसरणार नाही. त्या पंधरवड्यात काकांनी गाडीला हात लावला नाही, आम्हाला लावला. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चौघं आपापल्या जागी. "वायपर!" की मी ओढतोय. "डावं!" की काकू टकटक. "उजवं वळण, वहिनी!" की बायको दाराला लटकलेली. माझी ओढ लांबते, काकूंची लय पळते, बायको दार आधीच धरते, अशा सूचना. गणपतीतल्या नाटकाच्या तालमी मी केलेल्या आहेत. तिथला दिग्दर्शक निदान मधे चहा द्यायचा. शेवटी शेवटी आम्ही इतके तयार झालो, की काकांनी नुसतं खाकरलं तरी तिघांचे हात हलायचे. मुलं सायकली थांबवून बघत. बायको मला म्हणाली, "बसली बाई एकदाची." तिच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, अभिमान होता.

परीक्षेच्या दिवशी आम्ही मैदानावर रांगेत उभे राहिलो. आमचा नंबर आला. साहेब तरुण होते, गॉगल लावलेले, हातात पाटी आणि कागद. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिनचा क्रमांक पाहिला, धुराचा कागद पाहिला, मान हलवली. आम्ही चौघं आत ताठ बसलो होतो. मी दोरीला पीळ देऊन घेतला.

साहेब माझ्या खिडकीशी वाकले. "बाकीचे उतरा."

कोणीच हललं नाही.

"उतरा, उतरा. मी बसणार आहे. ड्रायव्हर आणि मी, बस."

काकांनी इतक्या सगळ्या तयारीत हा एक विचार केलाच नव्हता. आम्हीही केला नव्हता. आम्हा चौघांत एकालाही, एवढी डोकी असून, असं सुचलं नव्हतं की गाडी तपासताना तीत गाडीवाल्याखेरीज कोणी नसतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा हात बटणांच्या बोर्डावर उगाच फिरत होता. चुकून त्या न दाबायच्या बटणाकडे जातोय की काय, असं वाटून मला धडकी भरली.

आम्ही उतरलो. म्हणजे साहेबांनी बाहेरून दार उघडलं तेव्हा उतरलो. मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली तिघं जाऊन उभे राहिलो. काकू पुटपुटत होत्या. भंगारवाल्याचं नाव काढणारी हीच बाई आता पदराचं टोक चावत होती.

"काहून उतरवलं असंल हो आपल्याला?" त्या म्हणाल्या. "त्यांना एकट्यानं येत नाही ना ती चालवता."

गाडी सुरू झाली. काही अंतर सरळ गेली, अगदी राणीसारखी. मग ब्रेक लागला, उत्तम लागला. मग आम्हाला लांबून दिसलं, की वायपर गेला. गेला तो गेला. आत काका साहेबांच्या हातात काहीतरी देताना दिसले. थोडा वेळ गेला. आणि वायपर परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. साहेब ओढत होते!

"लांब ओढतायत," मी म्हणालो. माझा जीव तुटत होता.

मग काका मागे वळून सीटवरून हात लांब करून काहीतरी शोधताना दिसले, आणि दुसऱ्या क्षणी इंडिकेटर लुकलुकायला लागला. "अगं बाई, किती जोरात दाबतोय मुलगा," काकू म्हणाल्या.

गाडी मैदानाच्या टोकाला पोहोचली आणि उजवीकडे वळायला लागली.

माझ्या शेजारून काहीतरी सुसाट गेलं. ती माझी बायको होती. पर्स खांद्याला, ओढणी हवेत, ती मैदानातून धावत सुटली आणि तिने जे ओरडून सांगितलं ते पार गेटवरच्या चहावाल्यापर्यंत गेलं असेल. "उजवं वळण!" दार उघडलं होतं. तिने ते धावता धावता पकडलं, आपटून लावलं आणि गाडी सरळ होईपर्यंत बाजूने पळत राहिली.

गाडी थांबली. आम्हीही धावत पोहोचलो. आत साहेब पूर्ण आडवे झालेले होते. सीटची कळ सुटली होती. एका हातात दोरी, एका हातात बटण, गॉगल कपाळावर. छताकडे बघत ते शांतपणे बोलत होते.

"काका, ही गाडी एकट्या माणसाला चालवता येते का?"

"एकट्याला जायचंय कुठे?" काका म्हणाले.

यात काका उद्धटपणा करत नव्हते, हे साहेबांनाही कळलं असावं. काका खरंच विचारत होते. साहेब मग बायकोने बाहेरून दार उघडल्यावर उठून उतरले आणि कपडे झाडले.

"इंजिन चांगलं आहे. ब्रेक तर माझ्या गाडीपेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले. "पण गाडी एका माणसाची पाहिजे. असं नाही चालत. हे सगळं नीट करा आणि पंधरा दिवसांनी परत या. आणि येताना एकटे या."

परतीच्या वाटेवर काकांना एकदाही पुकारावं लागलं नाही. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. अंगठ्याची तक्रारही आली नाही.

मग काकांनी गाडी दुरुस्त केली. म्हणजे काय केलं, तर एका आठवड्यात सगळी नीट केली. वायपरला नवी मोटर आली, दाराला नवं कुलूप, इंडिकेटरला हातात मावेल एवढी एक डबी, सीटची कळ वेल्डिंग करून पक्की. बटणांचा बोर्डही काढला. त्या बेनामी बटणाच्या मागे वायरच नव्हती म्हणे. मी एका संध्याकाळी सवयीने बॅटरी घेऊन खाली गेलो, तर काकांनी बॉनेटला चिमट्याने अडकवायचा एक दिवा आणला होता. तो हलत नव्हता, वळत नव्हता, डोळ्यात जात नव्हता.

"हा बरा आहे," काका मला समजावल्यासारखं म्हणाले. "तुम्ही घरी बसा निवांत. टीव्ही वगैरे बघा."

मी घरी येऊन टीव्ही लावला. काय चाललं होतं ते आठवत नाही.

ते एकटे गेले आणि गाडी पास करून आणली. काकूंनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले. पेढा देताना माझ्या बायकोला म्हणाल्या, "सुटलो बाई आपण." बायको म्हणाली, "हो ना, सुटलो." दोघी दारात बराच वेळ उभ्या राहिल्या.

रविवार आला. बायकोने आदल्या रात्रीच जाहीर केलं होतं की उद्या नऊशिवाय उठायचं नाही. साडेसहापासून आम्ही दोघंही छताकडे बघत पडलो होतो. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही गॅलरीत गेलो. अगदी सहज, कपडे वाळले का ते बघायला. काका स्टिअरिंगवर, काकू मागे खिडकीशी. गाडी गेटपाशी आली, डावा इंडिकेटर आपला आपण लागला, एका लयीत, कुठल्याही कथेशिवाय, आणि ती गेली.

"छान वळली," बायको म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ होती.

अर्धा तास झाला नसेल, तोच बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. मागे जिन्यात काकू, धापा टाकत.

"राजाराम पुलापर्यंत गेलो आणि वळून आलो," काका म्हणाले. "गाडीचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"आवाज येत नाहीये."

"हॉर्नचा?"

"कसलाच. मागून नाही, पुढून नाही. इतकी जुनी गाडी आहे, काहीतरी यायला पाहिजे की नाही? मला एकट्याला समजत नाहीये. माझे कान आता तेवढे राहिले नाहीत." ते माझ्याकडे बघत नव्हते, आमच्या चपलांच्या रॅककडे बघत होते. "म्हटलं, कोणी बसून नीट ऐकलं असतं तर."

"अहो बाप्पा," काकू मागून म्हणाल्या, "हे रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मलाही काही सुचेना."

मी बायकोकडे वळलो. इतकी वर्षं जे ऐकत आलो होतो ते सगळं आता ती त्यांच्या तोंडावर सुनावणार, या तयारीने मी वळलो. ती तिथे नव्हती. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती ओढणी सारखी करत बाहेर आली.

"चला," ती म्हणाली. "बघू काय म्हणतेय."

आम्ही आपापल्या जागी बसलो. कोणाच्याही हातात काही नव्हतं. माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना, शेवटी मी त्यांची घडी घातली. पूल गेला, स्वारगेट गेलं, हडपसर आलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. चौघंही कान टवकारून बसलो होतो, आणि खरोखर कुठेही, काहीही वाजत नव्हतं. काका आरशातून एकेकाकडे पाहत होते. विचारत नव्हते. मी मनाशी जुळवाजुळव करत होतो, की आता हे कसं सांगावं, की काका, गाडी उत्तम झालीय, तुम्ही ती उत्तम केलीय, आता तिला आमची गरज नाही. मला असल्या गोष्टी सांगायची ऑफिसात सवय आहे. क्लेम नामंजूर झाला की मीच सांगतो. तरी तोंड उघडेना.

मांजरीचा फाटा गेला, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला.

"येतोय," बायको म्हणाली.

काकांनी एकदम मान वळवली. "येतोय?"

"हो. बारीक आहे, पण येतोय."

मी जीव कानात आणून ऐकलं. काहीही येत नव्हतं. मी वळून बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला पण येऊन राहिला," काकू घाईघाईने म्हणाल्या. "केव्हाचा!"

"मग बोलायचं नाही का?" काका कडाडले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांच्यासारखा निघाला. "इतका वेळ नुसत्या बसून आहात! अहो, आणि तुम्ही? तुम्हाला पुढे बसवलंय ते उसाची पाहणी करायला?"

"मला वाटलं इंजिनचाच असेल," मी म्हणालो.

"तुम्हाला वाटलं!" गाडी उसाच्या कडेला घेता घेता काका म्हणाले. त्यांनी हँडब्रेक ओढला, बाह्या वर सारल्या, खिशातला टेस्टर काढला. "कुठून येतोय, वहिनी? नक्की सांगा. अंदाजे नको."

नव्या कुलपाच्या त्या दारातून बायको सहज खाली उतरली. ओढणी कमरेला खोचली, आणि पुढे बॉनेटपाशी जाऊन उभी राहिली.

"उघडा," ती म्हणाली. "दाखवते."